नुसता इशारा

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होते. वाकवायचा पत्रा त्याच्या जाडीप्रमाणे किती लांब कापायचा हे काढणारे छोटे प्रोग्राम मी लिहायचे. बाकीचे ते आपापल्या कामात जोडून घ्यायचे. त्या संचाला आम्ही लायब्ररी म्हणायचो.

कुणी पत्र्याची जाडी भरलीच नाही, शून्य राहू दिली, तर काय करायचं? मी म्हणायचे, प्रोग्रामने तिथंच थांबावं. शून्य जाडीचा पत्रा असतो का कुठं? आमच्या साहेबांना ते मंजूर नव्हतं.

"थांबला की वरून फोन येतो, मॅडम. इशारा छापा आणि पुढे जा. आपली जबाबदारी संपली."

हे ते ताक पिऊन तृप्त झाल्यासारखे म्हणायचे. आणि मी शहाणी, मुकाट्याने तसंच लिहून दिलं : जाडी नसेल तर एक मिलिमीटर धरा, खाली इशारा छापा. इशारे एवढे झाले की मापं शोधावी लागायची. वाचत कुणीच नव्हतं. कॅन्टीनमध्ये भज्यांखालचा कागद पाहिला, तर माझेच इशारे तेल पीत होते.

एके दुपारी दिंडोरीकडचे एक वयस्क फिटर वर आले. हातात वाकवलेलं झाकण.

"बाई, हे बसत नाय. कागदावरचं माप तंतोतंत कापलंय. चौथ्या नगाला शंका आली, मशीन बंद केलं."

पत्रा तीन मिलिमीटरचा होता; जाडी कुणी भरली नव्हती, म्हणून प्रोग्रामने एक धरली होती. साहेबांनी छापील गठ्ठा मागवला, पानं उलटली आणि विजयी मुद्रेनं बोट ठेवलं. "हा बघा इशारा! आपली चूक नाही."

"छापला असंल, साहेब," फिटर म्हणाले. "पण त्याच्याच खाली कापायचं माप बी दिलंय ना?"

साहेबांचा उपाय काय, तर इशारा उठून दिसावा म्हणून त्याच्याभोवती चांदण्या छापा! चांदण्या! मी त्याच संध्याकाळी लायब्ररी उघडली. जिथं उत्तरच खोटं येणार होतं, तिथं प्रोग्राम थांबवला. तारीख चुकण्यासारख्या किरकोळ चुकांना इशारा राहू दिला.

सोमवारी तीन प्रोग्राम अडले, फोन खणखणले. साहेब लालबुंद. "कुणाला विचारून केलंत?"

"फिटरना."

महिनाभर लोक मला शिव्या घालत जाडी भरायला शिकले. पुढच्या बैठकीत साहेबांनी ही 'आपली नवी शिस्त' म्हणून सांगितली. वरच्यांनी टाळ्या वाजवल्या. फिटरना त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.