पाण्यात पाहणं
टँकरच्या पाण्याचा तो पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा वास आला की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बीड जिल्ह्यातल्या केजजवळच्या माझ्या सासरी, लग्नानंतरच्या दुष्काळात, टँकर आला की सासूबाई पहिली घागर माझ्या अंघोळीसाठी बाजूला ठेवायच्या. म्हणून मी गावभर कौतुकानं सांगायचे, "आमच्या सासूबाई मला लई पाण्यात पाहतात." आमच्याकडं पाण्याहून मोलाचं होतं तरी काय? पाण्यात पाहणं म्हणजे जीव लावणं, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. एकदा दूध सोसायटीच्या रांगेत शेजारीण हळूच म्हणाली, "सासू येवढा दुस्वास करती, तर माहेरी कावून जात न्हाईस?" मी चक्रावले. तिनं अर्थ सांगितला तेव्हा कानशिलं तापली. दुधाची किटली तिच्याकडं देऊन मी तडक घरी आले. सासूबाई शेळीला पाला घालत होत्या. मी रडतच सगळं सांगितलं. हातातला पाला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लई दिवस कानावर येत हुतं. मला वाटायचं, माजंच काय तरी चुकत असंल." आज त्या नाहीत. त्या दिवशी त्यांना माझं पटलं, की त्यांनी ते नुसतं पोटात घातलं, हे मला अजून कळलेलं नाही.