क्रौंचाच्या पिल्लाची चिठ्ठी

माझी आत्या मेलेल्या पक्ष्यांकडे नोकरीला होती. आम्ही भावंडं लहानपणी असंच सांगायचो आणि ती कधी चिडली नाही. "जिवंत माणसांपेक्षा बरे," म्हणायची, "निदान कुरकुर करत नाहीत." संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या लांबट खोलीत तिची तेहतीस वर्षं गेली. दारावर पाटी होती, 'पूर्व विभाग'. देशाच्या पूर्वेकडच्या सखल, पाणथळ भागातले पक्षी, प्राणी, जुने नकाशे, होड्यांची वल्ही, आणि इतर देशांच्या पूर्व टोकांहून अदलाबदलीत आलेले नमुने असा सगळा संसार तिथे होता. पश्चिम विभागाला संगमरवरी दालन, तलवारी, गालिचे आणि पंखे. पूर्वेला जिन्याखालची ओल. पूर्वेकडचं काही म्हटलं की आमच्याकडच्या मोठ्या लोकांची नाकं मुरडतात, ती आजची गोष्ट नाही.

आत्याचे पक्षी काचेचे डोळे लावून फांदीवर बसलेले नव्हते. ते खणांमध्ये उताणे झोपलेले असायचे, पोटात कापूस भरून शिवलेले, डोळ्यांच्या जागीही कापूस, पायावर पाय, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक जाड कागदाची चिठ्ठी. कोणी आणला, कधी, कुठून, नर की मादी, पंख किती लांब. या धंद्यातला एकच नियम आत्याने मला दहा वेळा ऐकवला असेल. जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. चूक असली तरी नाही. दुरुस्ती करायची तर दुसरी चिठ्ठी तिच्याशेजारी बांधायची, खाली आपली सही आणि तारीख घालायची. एकेका बदकाच्या पायात तीन पिढ्यांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी असेल तर पक्षी साक्षीदार, नाहीतर नुसती पिसं.

मग आले नवे संचालक. त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. जन्मात कधी चिखलात पाय घातला नव्हता, पण त्यांच्या डोक्यात कल्पना आली की 'जगाची पूर्व' नावाचं नवं दालन काढायचं. देशोदेशींच्या पूर्व भागांचा इतिहास आणि प्राणी एका छताखाली. कल्पना वाईट नव्हती हो, आत्यासुद्धा खूश झाली होती. एवढ्या वर्षांनी कोणीतरी जिन्याखाली डोकावलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आत्या चार दिवस रजेवर होती. परत गेली तेव्हा दोनशे चौदा पक्षी नव्या कपाटात निळ्या मखमलीवर मांडलेले, आणि एकाच्याही पायात चिठ्ठी नाही. साहेबांनी सजावटवाल्याकडून कात्रीने सगळ्या कापून घेतल्या होत्या. का, तर म्हणे त्या दुकानातल्या किमतीच्या कागदांसारख्या दिसतात. चिठ्ठ्या टाकल्या मात्र नव्हत्या. एका खोक्यात भरून ठेवल्या होत्या. "एकही हरवलेली नाही, मोजून घ्या," असं त्यांनी आत्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मोजून घ्या! अहो, गावातल्या सगळ्या पोरांची नावं एका पिशवीत भरलीत आणि आईला म्हणता मोजून घ्या?

आत्या त्या दिवशी घरी आली आणि चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. तिला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने फूटपट्टी घेतली आणि एकेक पंख मोजायला बसली. चिठ्ठीवर पंखाची लांबी असते, त्यावरून जोड्या जमवायच्या. दोन महिने लागले. साहेब येताजाता म्हणायचे, बाई, कशाला एवढं मनाला लावून घेता. दोनशे बारा पक्ष्यांच्या चिठ्ठ्या तिने जागच्या जागी बांधल्या, प्रत्येकीशेजारी 'कापली कोणी, बांधली कोणी' अशी दुसरी चिठ्ठी घालून. राहिली दोन पिल्लं. दोन्ही क्रौंचाची, मूठभर, तपकिरी लव असलेली, आणि उडायचा पंख फुटायच्या आधीची. मोजणार काय?

त्यातलं एक आपल्या पूर्वेच्या दलदलीतलं, आत्याला हे काम शिकवणाऱ्या गुरुजींनी आणलेलं आणि शिवलेलं. दुसरं कुठल्याशा दुसऱ्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचं. आत्याला कोणतं कोणतं ते पक्कं माहीत होतं. गुरुजींचा टाका ती अंधारातही ओळखायची. पण चिठ्ठी तिने बांधली नाही. "मला माहीत आहे म्हणजे पुरावा नव्हे," म्हणाली.

आणि पुरावाच तर हवा होता. पूर्वेच्या दलदलीत भराव घालून माल उतरवायचा मोठा धक्का बांधायचं ठरलं होतं, आणि तिथल्या होडीवाल्यांचा त्याला विरोध होता. पंधरा दिवसांवर सुनावणी आली होती. कंपनीचं म्हणणं, क्रौंच तिथे पाहुणे म्हणून येतात, घरटी कधीच करत नाहीत, तेव्हा भराव घालायला हरकत नाही. घरटं केल्याचा जगात एकच लेखी पुरावा होता, ते पिल्लू. उडता न येणारं पिल्लू पाहुणं म्हणून येत नाही. होडीवाल्यांतला एक म्हातारा आत्याला भेटायला आला. त्याची तीन पोरं त्या पाण्यावर जगत होती. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला. पिल्लू आहे ना, एवढंच त्याने विचारलं. आत्याने त्याला खरं ते सांगितलं, पिल्लू आहे, पण पायात चिठ्ठी नाही.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. कंपनीचा वकील गोड बोलत होता. चिठ्ठी खरी आहे हे आम्हाला मान्य, म्हणाला, पण ती या पिल्लाची की त्या पिल्लाची? बाईंना टाक्यावरून वाटतं, हे त्यांचं मत झालं. साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की आत्याने हात धरला नसता तर मी काहीतरी बोलून बसले असते.

आत्या उठली. तिने गुरुजींची चिठ्ठी सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाईंच्या हातात दिली आणि मागची बाजू वाचायला सांगितली. मागे बारीक अक्षरात होतं, 'बरोबरचा कापूस संपला. पाणकणसाचा कापूस भरला.' पाणकणीस म्हणजे दलदलीत उगवणारं लांब गवत, त्याच्या कणसातून तपकिरी लव निघते. मग तिने दोन्ही पिल्लं टेबलावर ठेवली, एकाकडे बोट दाखवलं आणि पर्समधून छोटी कात्री काढली.

साहेब ताडकन उठले. नमुना खराब होईल, संग्रहालयाची मालमत्ता आहे, असं काहीबाही म्हणू लागले.

"साहेब, खराब तुम्ही केलंत," आत्या म्हणाली. "मी फक्त उघडून दाखवतेय. घरी उघडलं असतं तर यांनी मानलं नसतं."

तिने पोटावरचा टाका उसवला. मी शेजारीच होते. नोकरीच्याही आधी, चाळीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने तिला सुई धरायला शिकवलं, त्याचं काम ती परक्यांसमोर फाडत होती. आत तपकिरी लव होती. अध्यक्षबाईंनी चिमटीत घेऊन पाहिली, वकिलाला दाखवली, आणि लेखनिकाला नोंद करायला सांगितली की क्रौंचाने दलदलीत घरटं केल्याचं सिद्ध झालं. मागे तो होडीवाला म्हातारा मटकन बाकावर बसला.

भराव रद्द झाला. पण आत्या बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. "त्यांचा टाका तसा मला परत घालता येणार नाही," म्हणाली. मी साहेबांना इतक्या शिव्या दिल्या की शेवटी तिनेच मला गप्प केलं.

पुढच्या रविवारी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. 'संग्रहालयाच्या दक्षतेमुळे दलदल वाचली.' आत्याचं नाव सोडा, 'कर्मचारी' एवढा शब्दही नव्हता. वर साहेबांचा हसरा फोटो, ओंजळीत क्रौंचाचं एक पिल्लू. मी संतापून पेपर आत्यापुढे आपटला. तिने चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"पोट शाबूत आहे," म्हणाली. "हे दुसरं पिल्लू आहे."