पिंजाऱ्याचं फडकं

देवळाली कॅम्पात नियाज पिंजारी घरोघरी गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा. कापूस नाकातोंडात जातो म्हणून तोंडाला फडकं बांधायचा आणि घरी आला की उंबऱ्याबाहेरच सोडायचा.

बायकोला, जैतुनबीला, क्षय झाला. पोरगी गुलजार तेव्हा चार महिन्यांची. डॉक्टर म्हणाले, "पोर वाचवायची असेल तर हिनं सदा तोंड बांधून राहायचं." सांगायला काय जातं त्यांचं!

नियाजनं आपलंच एक धुतलेलं फडकं तिच्या तोंडाला बांधलं. जैतुनबी भडकलीच. "उभ्या जगापासून पडदा केला, तो कमी पडला? आता पोटच्या लेकीपासूनही करू?"

पण केला बिचारीनं. सात महिने केला. खोकून खोकून फडकं लाल व्हायचं, नियाज ते उकळून वाळत घालायचा, तोवर ती दुसरं बांधायची. लेकीला एकदाही उघडं तोंड दाखवलं नाही.

थंडीत जैतुनबी गेली. शेवटचं तोंड पाहायला बायकांनी फडकं सोडलं, गुलजारला पुढं धरलं. परकी बाई पाहावी तसं पोरीनं पाहिलं आणि मान फिरवली.

पोटासाठी आठवड्यानं नियाजनं पुन्हा पिंजण उचललं. संध्याकाळी परतला तो इतका सुन्न, की फडकं सोडायचं विसरून तसाच आत आला. गुलजार रांगत आली, पायाला बिलगली, वर बघून खुदकन हसली.

"अम्मा!"

गाठीकडे गेलेला नियाजचा हात तिथंच थांबला.