दोन ठिपक्यांचा हत्ती

शेवटच्या दिवशी सकाळी दादानं नाकातली नळी बाजूला केली आणि म्हणाला, "हात दे."

धाकटी बहीण खाटेशीच बसली होती. तिला वाटलं, हात धरायचा असेल. तर त्यानं तिच्या तळहातावर हत्तीच्या छापाचं तांब्याचं नाणं ठेवलं. "हत्तीच्या पोटाखाली नख फिरव. किती ठिकाणी अडतंय?"

"दादा, नळी लाव आधी."

"जन्मभर नळ्याच जोडल्या मी. तू मोज."

दादा पाण्याच्या पाइपांसाठी चर खणायचा. खाली गुडघाभर चिखल, डोळ्याला काय दिसणार? पाइपाला चीर कुठं गेलीय ते तो बोटांनी चाचपून शोधायचा. वरची माणसं टॉर्च मारत बसायची आणि हा खालून ओरडायचा, "सापडली!" चार वर्षांपूर्वी अशाच एका चरात हे नाणं हाताला लागलं, मातीत पार लडबडलेलं. बहिणीनं चांगल्या मनानं लिंबू कापलं, म्हटलं घासून लख्ख करू. दादा असा धावून आला की लिंबू एकीकडं आणि ती एकीकडं. "कातडी सोलतेस का त्याची!" आठ दिवस बोलला नाही. मग बाटलीच्या झाकणात तेल घालून नाणं त्यात चार महिने ठेवलं, रोज दात कोरायच्या काडीनं कणकण माती काढायची. हत्ती निघाला. पोटाखाली दोन ठिपके.

वाचनालयातून पुस्तक आणून, ओळीखाली बोट ठेवून त्यानं वाचलं. एका ठिपक्याचे हत्ती पोत्यानं सापडतात, दोन ठिपक्यांचे मोजकेच. तो ठसा लवकर मोडला होता म्हणे. ठसा म्हणजे नाण्यावर ठोकायचा छाप.

मग तो नाणं संग्रहालयात घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी हातमोजे घालून, भिंगातून बघून सांगितलं, "ठिपका एकच. दुसरा पोचा आहे, तुमची पहार लागली असेल."

"पोचा आत जातो साहेब, हे वर आलंय. हात लावून बघा की."

"नाणी अशी हातानं बघत नसतात."

चार वेळा गेला, चार वेळा तेच. घरी बहिणीचा नवरा विचारायचा, "काय मेहुणे, हत्ती व्याला का?" सगळे हसायचे. बहीणही हसायची. चार वर्षांत तिनं एकदाही नाण्याला नख लावून बघितलं नाही, हे तिला आता खातंय.

त्या सकाळी तिनं डोळे मिटून नख फिरवलं. अडलं. जरा पुढं सरकवलं. पुन्हा अडलं.

"दोन."

"माझं मन राखायला म्हणतेस?"

"नाही रे दादा. शपथ. दोनच आहेत."

"मग रडतेस काय? जाऊन सांग त्या साहेबाला."

दुपारी दादा गेला.

तीन आठवड्यांनी ती साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली. साहेब म्हणाले, "ठेवून जा, सवडीनं बघतो."

"ठेवत नाही. हातमोजा काढा."

"अहो बाई..."

"मला वाचता बेताचंच येतं साहेब. पण नख आहे. तुम्हालाही असेल."

साहेबांनी वैतागून हातमोजा ओढून काढला आणि नख फिरवलं. एकदा. मग थांबून पुन्हा, उलट्या बाजूनं. नाणं टेबलावर ठेवलं. मग खणातून कार्ड काढून लिहिलं, 'हत्ती, दोन ठिपके'. खाली 'ओळख पटवणारा' अशी जागा होती, तिथं स्वतःचं नाव लिहायला लागले. दोन अक्षरं होतात न होतात तोच तिनं नाणं उचलून मुठीत घेतलं.

"खोडा ते."

"तसा नियम आहे, बाई. इथं अधिकाऱ्याचंच नाव येतं."

"मग अधिकाऱ्यानं पहिल्याच दिवशी ओळखायचं होतं."

साहेबांनी कार्ड फाडलं, दुसरं घेतलं. दादाचं पूर्ण नाव लिहिलं. तिनं पुढं 'चर खणणारा' असंही लिहायला लावलं. साहेबांनी नाण्यासाठी हात पुढं केला.

शाई वाळेपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.