कांडणाऱ्या बायका

मूठ फिरवली की पेटीतली अंडाकृती चाकं फिरायची आणि उखळाशी उभ्या दोन लाकडी बायका आळीपाळीने मुसळ उचलायच्या. हे खेळणं करायला मला तीन महिने लागले होते.

माझा थोरला भाऊ ते बघायला आला. "या वयात बाहुल्या?" म्हणत त्याने मूठ मुद्दाम उलटी, जोर लावून फिरवली. आत एक चाक कडकन मोडलं. तो हसला.

"दादा, चालता हो," मी म्हणालो.

लाकूड तडकण्याआधी कुरकुरतं, सावध करतं. आपली माणसं तेवढीही दया दाखवत नाहीत.

नवं चाक बसवलं. बायका पुन्हा कांडू लागल्या. दादा परत आला. "अरे, गंमत केली होती," दाराबाहेरून म्हणाला.

मी कडी काढली नाही.