टाइल्स बदलून झाल्यावर

“हिला झोप लागत नाही मॅडम. डोकं दुखतं. आणि काल पुन्हा बाथरूममध्ये घसरली.” परब सांगत होते. त्यांची बायको स्वाती शेजारच्या स्टुलावर ओढणीने दंड झाकून बसली होती.

कांदिवलीत बावीस वर्षं माझं क्लिनिक आहे. मी फॅमिली डॉक्टर. म्हणजे अख्ख्या घराची एकच फाइल, ती नवऱ्याच्या नावाने, आणि बहुतेक वेळा सगळ्यांची दुखणीही तोच सांगणार. मला ही पद्धत फार सोयीची वाटायची. परब तर आदर्श नवरा. बायकोच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ, बोलणं मुद्देसूद. पाच मिनिटांत पेशंट मोकळा.

मी फाइल चाळली. वर्षभरात चार वेळा ‘बाथरूममध्ये घसरून पडल्या’ लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. मागच्या खेपेला तर मी बाथरूमच्या टाइल्स बदलायचा सल्लाही दिला होता.

“टाइल्स बदलल्या का?”

“लगेच. तुम्ही म्हणालात ना. अँटीस्किड टाकल्या, झकास.”

मी स्वातीला ओढणी बाजूला करायला सांगितलं. दंडावर चार बोटांचे वळ होते. बाथरूमला बोटं नसतात, हे कळायला एमबीबीएस लागत नाही. मला मात्र एमबीबीएस असूनही वर्ष लागलं.

“ईसीजी काढते. तुम्ही बाहेर बसा,” मी परबांना म्हटलं. हृदयाचं नाव काढलं की नवरे निमूट बाहेर जातात.

पडद्याआड तिला विचारलं, “मारतात का गं?”

“टाइल्स बसवत होते तेव्हा वाटलं, आता तरी विचाराल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

“झोप का लागत नाही?”

“ते झोपेपर्यंत कशी लागेल?”

“मरायचे विचार येतात?”

“येतात. पण मार्चपर्यंत काही करणार नाही. पोरीची दहावी आहे ना.”

या बाईला मी वर्षभर पित्ताच्या गोळ्या आणि बी-ट्वेल्व्ह देत होते. मला स्वतःची लाज वाटली.

नोव्हेंबर चालू होता. म्हणजे हातात चार महिने. पालिकेच्या हॉस्पिटलात अशा बायकांसाठी समुपदेशन केंद्र होतं, शेजारीच मानसोपचाराची ओपीडी. पण स्वातीला अंधेरीला बहिणीकडेसुद्धा एकटीने जायची परवानगी नव्हती. “घरी काय सांगून जाऊ?” तिने विचारलं.

मी परबांना आत बोलावलं. “खांदा आखडलाय. दर मंगळवारी हॉस्पिटलात फिजिओथेरपी. चुकली तर हात कायमचा जाईल. आणि आत फक्त बायकांना सोडतात.”

“हिला चालता येत नाही नीट, आणि ताप आपल्याला,” परब म्हणाले. “ठीक आहे, सोडेन मी.”

आणि खरंच दर मंगळवारी ते तिला बाइकवरून सोडू लागले. एकही मंगळवार चुकवला नाही. आत तिचं समुपदेशन चालायचं, डिप्रेशनच्या गोळ्या ‘खांद्याच्या’ म्हणून घरी जायच्या. खोटं बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. खरं काय ते मी वेगळ्या केसपेपरवर लिहिलं, कारण क्लिनिकमधली फाइल परब दर खेपेला मागून वाचायचे.

दहावीचा शेवटचा पेपर झाला, त्याच दुपारी स्वाती मुलीला घेऊन बहिणीकडे गेली. तक्रारीचे कागद केंद्राने तयारच ठेवले होते. एप्रिल उजाडला आणि ती जिवंत होती. त्या महिन्यात मला बाकी काही नको होतं.

परब तणतणत आले. “तुम्ही आमच्या फॅमिली डॉक्टर ना?”

“स्वातीही फॅमिलीतच होती,” मी म्हटलं.

पुढे कोर्टाच्या कामासाठी एक अधिकारी बाई जुनं रेकॉर्ड बघायला आल्या. माझ्या त्या चार नोंदींवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

“नवऱ्याने.”

“आणि पेशंट कुठे होती?”

“शेजारीच बसली होती.”

त्यांनी तेही लिहून घेतलं.

हल्ली मी नवऱ्यांना आधी बाहेर बसवते आणि मग बायकांना विचारते. काहींना हा उद्धटपणा वाटतो. दोघे-तिघे तर रागावून बायकांसकट दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तिथे नवऱ्यांना आत बसू देतात, असं ऐकलंय.