मॅट्रिकचा कोट

आमच्या जानेफळात मॅट्रिक झालेल्या सगळ्यांत मिळून एकच कोट होता. चुलत आजोबा इंग्रजांच्या काळात तहसिलीत कारकून लागले, तेव्हा त्यांनी तो शिवून घेतला होता. ते गेल्यावर कोट वडिलांच्या ट्रंकेत आला आणि जो कोणी मुलाखतीला निघे, तो आमच्याकडून मागून नेई. एकदा तो अंगात चढला की माणसानं पुन्हा नांगराला हात लावायचा नाही, असा गावाचा कायदाच होता.

शाळाही त्याच कोटाच्या मापाची. नोकरी लागायच्या आधीच आम्हाला रजेचा अर्ज झकास इंग्रजीत लिहिता येत होता. विलायतेतली थेम्स नदी कुठून निघते तेही पाठ. कापूस आमचा, पण त्यातली सरकी काढणाऱ्या जवळच्या जिनिंगचं इंजिन बंद पडलं की परगावचा मिस्त्री येईपर्यंत सगळे मॅट्रिक पारावर बसून गप्पा हाणत. नवं महाराष्ट्र राज्य झालं, तरी कचेऱ्यांतल्या खुर्च्या काही मॅट्रिकांइतक्या वाढल्या नाहीत. मला त्या पाराचा मनस्वी वीट आला होता.

अशात खामगावला इंजिनं दुरुस्त करायचं शिक्षण सुरू झालं. जागा थोड्या, आणि मला तिथंच जायचं होतं. वडील भडकले.

"मॅट्रिक होऊन मिस्त्र्यासारखे पाने फिरवतं का बे? याच्यासाठी शिकवलं का तुले?"

आईनं समजूत घातली, तेव्हा कुठे म्हणाले, "जाय. पण कोट घालून जाय."

गेलो. तिथल्या साहेबांनी इंजिन दाखवून सांगितलं, "खोल हे." कोट काढावा, तर आतला सदरा पाठीवर फाटलेला. माझ्या आधीचे उमेदवार आपापले कोट सांभाळत लांबूनच पाना लावत होते. मी कोटासकट कोपरापर्यंत आत शिरलो. मला जागा मिळाली, आणि कोटाच्या बाह्यांना काळं तेल.

घरी आलो. वडिलांनी बाह्या उजेडात धरून पाहिल्या आणि कोट घडी करून ट्रंकेत ठेवला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकू मुलासाठी कोट मागायला आल्या.

"कुठं जाऊन राह्यला तो?" वडिलांनी विचारलं.

"खामगावले, भाऊजी. इंजिनाचं काम शिकाले."

वडील ट्रंकेकडे जायला उठले नाहीत.

"मंग कोट कायले पायजे?" ते म्हणाले. "सदऱ्याच्या बाह्या वर कर म्हणा, अन् जाय म्हणा."